चुरी सरांनी न पाहिलेलं झाड

बुसैतीन, बहारीन
शुक्रवार, ६ जानेवारी १९७८

आदरणीय चुरी सरांना,
गिरीजच्या कामिल तुस्कानोचा नमस्कार.

सर, ओळखलंत का? इनास तुस्कानोचा मुलगा. शेवटच्या बाकावरचा. दहावीच्या वार्षिक परीक्षेत तुम्ही ज्याला शास्त्रात शंभरपैकी चौतीस दिलेत, आणि माझा बाप शाळेत येऊन "एक मार्क वाढवा हो" म्हणून हात जोडून उभा राहिला तरी पस्तीस केले नाहीत, तोच मी. आता इथल्या एका हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढतो. माणसाच्या आत काय आहे ते बघायचं, वर मत द्यायचं नाही. बरं चाललंय.

पत्राचं कारण ऐकून हसाल. नाताळात बायकोला, म्हणजे पर्लला, आणि आमच्या कॅरोलिनला घेऊन मनामातल्या एका बड्या हॉटेलात केक खायला गेलो होतो. दारातच दोन पुरुष उंचीचं झाड. विलायतेहून विमानाने आणलेलं, खरंखुरं! आपल्याकडे आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावरनं सुरूची फांदी आणून त्यालाच नाताळचं झाड म्हणतो, तसं नव्हे. मी सुया चुरगळून वास घेत राहिलो. कॅरोलिन म्हणाली, "डॅडी, एव्हरीबडी इज लुकिंग." बघेनात का!

मला तुमचा तास आठवला. सुरू हे चीड-देवदारांच्या गोतातलं झाड आहे असं मी पेपरात लिहिलं होतं, आणि तिथेच माझे मार्क गेले होते. तुम्ही मला किनाऱ्यावर नेऊन सुरूची काडी सांध्या-सांध्यांवर मोडून दाखवलीत. म्हणालात, त्या गोतातलं आपोआप उगवणारं एकच झाड साऱ्या दक्षिणेत आहे, पार खालच्या डोंगरांत.

आता खरं सांगतो. चार वर्षांपूर्वी इथे यायला निघालो तेव्हा निरोप घ्यायला आगाशीला आलो होतो. तुम्ही घरी नव्हता. काकूंनी चहा दिला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "साठ सालच्या मे महिन्यात हे त्या झाडासाठी दक्षिणेत जायचे होते. रजा, तिकीट, सगळं झालं होतं. तिकीट परत केलं, कारण तुझी जूनमध्ये फेरपरीक्षा होती." सर, महिनाभर रोज उन्हातून सायकल हाणत तुम्ही गिरीजला यायचात आणि मला वाटायचं, या माणसाला सुट्टीत दुसरा धंदा नाही! त्यानंतर तुमचं जाणं राहिलं ते राहिलंच.

मला पुढची सुट्टी ऑक्टोबरात आहे. ते झाड मी शोधणार आणि फांदी तुमच्या हातात देणार. शब्द देतो.

तुमचा,
कामिल


आगाशी
३० जानेवारी १९७८

चि. कामिल,
अनेक आशीर्वाद.

ओळखलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडून कागदावर फिराव्यात तसं. तुझं पत्र काकूंना वाचून दाखवलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, तुला आता कळलं.

तिकिटाचं मनाला लावून घेऊ नकोस. मास्तराने नापास केलं तर पास करायची जबाबदारीही त्याचीच. त्यात उपकार कसले? आणि तू हाडांचे फोटो काढतोस हे वाचून मला जो आनंद झाला, तो कुठलं झाड बघून झाला असता असं वाटत नाही.

झाड पालघाटपलीकडच्या नेल्लियामपतीच्या डोंगरांत आहे, अशी गोऱ्या साहेबांच्या वेळची नोंद आहे. मी पाहिलेलं नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही. पण दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी बायको-मुलीला द्यायची सोडून जळवांना कशाला देतोस? मी आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, इच्छाही हळूहळू निवृत्त होतात. उगाच खुळं डोक्यात घेऊ नकोस.

चि. सौ. पर्लला आशीर्वाद.
य. ना. चुरी


बुसैतीन
२ ऑक्टोबर १९७८

आदरणीय सर,
नमस्कार.

खूळ डोक्यात घेतलं आहे, आता निघत नाही. सुट्टी मंजूर झाली, एकवीस दिवस. सोबतचा टेक्निशियन रजेवर, म्हणून अर्धीच. पर्लची हॉस्पिटलात ड्युटी, कॅरोलिनची शाळा, त्यामुळे एकटाच निघतो. पर्ल म्हणाली, "लोक सुट्टीत आईबापाला भेटतात, बायकोला फिरवतात, आणि माझा नवरा झाडाला भेटायला जातोय. यल्ला, जा!" हे 'यल्ला' तिने ज्या सुरात म्हटलं, तो सूर पत्रात येत नाही.

सोळा तारखेला मुंबईत उतरलो की तडक पालघाटची गाडी. परतताना फांदी घेऊन आगाशीला तुमच्या दारात.

झाड ओळखण्याची काळजी नको. हॉटेलातलं झाड डोळ्यांत बसलं आहे, शिवाय तसंच चित्र असलेलं एक झकास नाताळ कार्ड सोबत घेतलंय. मला मल्याळम मफी, म्हणजे इथल्या भाषेत 'अजिबात नाही', तमिळही मफी, पण कार्ड पुढे केलं की काम झालं. कसं काय डोकं चालवलं?

तुमचा,
कामिल


आगाशी
१४ ऑक्टोबर १९७८

चि. कामिल,

अरे थांब! कार्ड फेकून दे.

तुझं पत्र काल मिळालं. चूक माझी. तुला सगळं ठाऊक असेल असं मी धरून चाललो. त्या झाडाला सुया नसतात. पान चांगलं रुंद, वीतभर लांब, जाड, चकचकीत, समोरासमोर जोडीने येणारं. लांबून पाहिलंस तर कुणीही जांभूळ-बिंभूळ म्हणून पुढे जाईल. खूण एकच: पानाला मधली शीर नाही. देठापासून टोकापर्यंत बारीक शिरा शेजारी शेजारी धावतात. गोत चीड-देवदारांचं, पण रूप अगदी निराळं. सुया शोधत फिरलास तर झाडाला टेकून बसशील आणि झाड कुठे म्हणून विचारशील.

हे पत्र तू निघायच्या आत पोचणार नाही, हे मला कळतंय. तुझा वाटेतला पत्ताही माझ्याकडे नाही. तरी टाकतो. काकू म्हणतात, देव टपालखात्यातही असतो.

य. ना. चुरी


पालघाट
३ नोव्हेंबर १९७८

आदरणीय सर,

मिळालं! मिळालं! मिळालं!

पहिले आठ दिवस नुसती पायपीट. रोज पाऊस, मोज्यांतून जळवा. मळ्यातल्या बायका कार्ड बघून हसायच्या, काहीतरी बोलायच्या आणि पुन्हा हसायच्या. शेवटी एका म्हाताऱ्या मुकादमाने कार्ड निरखलं, मान डोलावली आणि मला थेट कॉफीच्या मळ्यात, इंग्रज साहेबाच्या जुन्या बंगल्यामागे नेलं. बघतो तर काय, तशीच झाडं! तोच वास, त्याच सुया. आणि देवाची करणी बघा सर, पंधराच्या पंधरा झाडं एका सरळ ओळीत, सारख्या अंतरावर उभी. आपोआप उगवलेली झाडं इतकी शिस्तीत असतात हे मला ठाऊक नव्हतं.

फांदी दोन फळांसकट रजिस्टर पार्सलने पाठवतो आहे, कारण आगाशीला यायला आता दिवस उरले नाहीत. जरा इकडे-तिकडे वेळ गेला. गाडीतून उतरून सरळ सांताक्रुझच्या विमानतळावर जावं लागणार. तुमचा चेहरा बघायचा राहिला याचं वाईट वाटतं. प्रकृती ठणठणीत आहे, काळजी नसावी.

सर, एका मे महिन्याची परतफेड होत नसते, हे मला समजतं. तरी आज फार हलकं वाटतंय.

तुमचा,
कामिल


आगाशी
१८ नोव्हेंबर १९७८

चि. कामिल,
अनेक आशीर्वाद.

फांदी पोचली. हेच ते. माझी इच्छा पूर्ण झाली. फांदी टेबलावर ठेवली आहे. तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू? आता पुन्हा त्या जंगलात जायचं कारण उरलं नाही. प्रकृतीला जप.

य. ना. चुरी


बुसैतीन
१५ डिसेंबर १९७८

सर,

रागावून लिहितो आहे, आधीच माफी मागतो.

मी घरी परतलो तेव्हा कॅरोलिनने तुमचं 'कार्ड फेकून दे'चं पत्र हातात दिलं. वाचलं आणि बॅगेवरच बसलो. मधल्या शिरेपर्यंत आलो आणि मळ्यातली ती ओळ डोळ्यांपुढे आली. पंधरा झाडं एका ओळीत! अहो, ती साहेबानेच लावलेली असणार. बैलालासुद्धा कळलं असतं. पर्ल इतकी हसली की शेवटी तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग मी तुमच्या शिव्यांची वाट बघत बसलो. रोज पोस्टाच्या पेटीत हात घालायचो. मनात तुमचं पत्रही लिहून झालं होतं: 'गाढवा, वीस वर्षांनी पुन्हा तीच चूक.' आणि आलं काय? "हेच ते."

सर, माझ्या बापाने हात जोडले तेव्हा तुम्ही एक मार्क दिला नाहीत. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्या सायकलची हवा काढली होती. (हो, तो मीच.) पण त्या एका मार्कावरच मी उभा आहे. इथे डॉक्टर म्हणतात, "तुस्कानोची फिल्म धूसर असेल तर तो स्वतःच सांगतो आणि दुसरी काढतो." ते मी कुणाकडून शिकलो? आणि त्या माणसाने माझ्यासाठी, तीन पैशांच्या बागेतल्या फांदीसाठी खोटं लिहावं? तीन दिवस मी नुसता चरफडत होतो. चौथ्या दिवशी चर्चमध्ये बसलो असताना उमगलं की आजवर माझ्यासाठी कुणी इतकं महागाचं काही केलं नव्हतं. मग तिथेच रडायला आलं. बाजूच्या गोवेकर बाईंना वाटलं, घरी काही वाईट घडलं.

पण सर, ते मला नको. मला त्या पानाचं नीट चित्र काढून पाठवा, खऱ्या मापाचं. आणि ती फांदी टेबलावरून काढा.

तुमचा,
कामिल


आगाशी
४ जानेवारी १९७९

चि. कामिल,

तू पकडलंस. बरं केलंस.

पार्सल उघडलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. तुला झोडपणारं पत्रही लिहायला घेतलं. मग पुन्हा तुझं पालघाटचं पत्र हातात घेतलं. 'प्रकृती ठणठणीत' म्हणतोस आणि अक्षर उजवीकडे घसरत चाललंय, ओळी कागदाबाहेर पडताहेत. मी तुझे पेपर तपासलेत, बाबा. सहामाहीला तू अंगात ताप घेऊन बसला होतास, तेव्हा तुझं अक्षर असंच झालं होतं. 'इकडे-तिकडे वेळ गेला' म्हणजे कुठे ते मला कळलं. तू तापाने पडला होतास. परक्या मुलखात, एकटा, माझ्या एका जुन्या हौसेपायी. ते कळल्यावर माझ्या पेनातून 'चूक' हा शब्द निघेना. निघाला तो 'हेच ते'. माझं आधीचं पत्र घरी तुझी वाट बघत असेल, हे तेव्हा सुचलंही नाही.

आयुष्यभर मुलांच्या चुकांवर तांबडी रेघ मारली, ही पहिली रेघ गिळली. आणि ती घशातच अडकून बसली. काकू रोज विचारायच्या, "खरं कधी कळवणार?" तुझ्या रागाच्या पत्राने घसा मोकळा झाला. सायकलच्या हवेचं मात्र मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या बोटांना वंगण लागलं होतं.

चित्र सोबत आहे, खऱ्या मापाचं, पुस्तकावरून काढलेलं. पण माझी विनंती ऐक: आता पुरे.

य. ना. चुरी

कामिल, ही ओळ मी त्यांच्या नकळत घालते. ते तुला पुरे म्हणतात, पण पानाचं चित्र त्यांनी सात वेळा काढलं. सहा फाडली. गुडघे आता खरंच दुखतात, दोन मजले चढवत नाहीत. जे काय करायचं ते लवकर. पर्लला आणि मुलीला माझा आशीर्वाद. — काकू


बुसैतीन
११ ऑगस्ट १९८०

आदरणीय सर, काकू,
नमस्कार.

दीड वर्ष तुम्हाला झाडाविषयी अवाक्षर लिहिलं नाही, त्यामुळे तुम्हाला वाटलं असेल, खलास, विसरला. विसरलो नाही. तुमचं चित्र मी डार्करूमच्या दारावर चिकटवून ठेवलं आहे. हॉस्पिटलात अर्धे लोक मलबारचे. जो येतो त्याला विचारायचं, "हे पान पाहिलंयस?" कुणी म्हणे आंबा, कुणी म्हणे दालचिनी. इथला एक म्हातारा पेशंट, मुहर्रकचा जुना होडीवाला, म्हणाला, "बाबा, आमच्याकडे एक खजूर. बाकीची झाडं तुमची तुम्ही बघा."

गेल्या महिन्यात वॉर्डात आमिना नावाची नवी आया लागली. नेम्माराची, म्हणजे त्या डोंगरांच्या पायथ्याची. पेशंटची खुर्ची ढकलत आली, दारापाशी थबकली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "ये हमारे पहाड का है. ऐसा फटता है ना?" आणि दोन्ही हातांनी हवेतच पान उभं फाडून दाखवलं, बांबूचं फाटतं तसं सरळ. सर, मधली शीर नाही हे मी तिला सांगितलंच नव्हतं! झाडाचं तिच्याकडचं नावही तिने सांगितलं, पण ते लिहायला गेलो की माझी जीभ तीनदा वळते.

तिचे वडील तीस वर्षं त्या जंगलात लाकूड ओढणाऱ्या हत्तींबरोबर होते. तिने त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: झाडं आहेत, थोडी आहेत, माणूस पाठव, दाखवतो. मी पेशंट आत घेण्याआधी आमिनाला हात जोडून नमस्कार केला. ती लाजून म्हणाली, "भाईजान, पत्ता ही तो है."

सर, नोव्हेंबरात सुट्टी आहे. या खेपेस पर्लच म्हणाली, "जा आणि संपव एकदाचं. आणि छत्री ने." इंशाल्ला, या वेळी चुकणार नाही.

तुमचा,
कामिल


नेम्मारा
२२ नोव्हेंबर १९८०

आदरणीय सर,

काल दुपारी अडीच वाजता मी झाडाखाली उभा होतो.

आमिनाचे वडील, मी त्यांना आजोबाच म्हणतो, सत्तरीचे आहेत, पण चढणीवर माझ्यापुढे दहा पावलं. मागच्या खेपेला ज्या ओढ्याकाठी बसून मी बिस्किटं खाल्ली होती, तिथून झाड हाकेच्या अंतरावर निघालं. तुम्ही लिहिलं होतंत तसंच झालं म्हणा. खोड सरळ वर गेलेलं, मान कितीही वर केली तरी शेंडा दिसायचा नाही. सालीचे पापुद्रे सुटलेले. खाली पडलेलं एक पान आजोबांनी उचललं आणि माझ्या हातात दिलं. उजेडात धरलं, बोट फिरवलं. शीर नाही. मी तिथेच मातीत बसकण मारली. आजोबांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी पाजलं.

आजूबाजूला अशी पाच झाडं आहेत. आता वाईट बातमी. पाचांवरही पांढऱ्या रंगात आकडे टाकलेत. पुढच्या उन्हाळ्यात तो सगळा उतार लाकडाच्या ठेकेदाराकडे जायचा आहे. आपल्या झाडाचा आकडा सतरा.

सर, मी फांदी तोडलेली नाही. पानही खिशात घातलेलं नाही, होतं तिथे ठेवलं. कारण मी काहीही आणलं तरी तुम्ही माझं अक्षर बघणार, ताप मोजणार आणि 'हेच ते' म्हणणार. माझा तुमच्यावर त्या बाबतीत आता विश्वास नाही. तुम्ही या. झाडापाशी उभे राहा, बघा आणि काय ते सांगा. चुकलो असेन तर तिथेच, आजोबांसमोर, चुकलास म्हणा.

गुडघ्यांचं मला माहीत आहे. वरपर्यंत कसं न्यायचं ते आजोबांनी आणि मी ठरवलं आहे. पर्लचा भाऊ व्हिक्टर हे पत्र आणि तिकिटं घेऊन तुमच्याकडे येईल आणि गाडीतही सोबत असेल. काकूंनी पायमोजे द्यावेत, जाड. मी डिसेंबरच्या दहापर्यंत इथेच आहे. साठ सालच्या मे महिन्यात निघायचं होतं ना? निघा.

तुमचा,
कामिल


आगाशी
६ जानेवारी १९८१

चि. कामिल,
अनेक अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. मी तिथे तुझ्याशी जवळजवळ काहीच बोललो नाही, आणि तू स्टेशनवर निरोप देताना माझ्या तोंडाकडे असा बघत होतास की मला लाज वाटली. म्हणून आता लिहितो. समोरासमोर मला हे जमत नाही, कागदावर थोडं जमतं.

खुर्चीला बांबू बांधून मला उचलून नेलंत तेव्हा मी सगळ्यांवर ओरडत होतो, "खाली ठेवा, मी काय नवरदेव आहे?" ते भीतीपोटी होतं. पडण्याची भीती नव्हती. इतक्या वर्षांनी तिथे पोचायचं आणि झाड दुसरंच निघायचं, मग माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडावर, त्या भल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर 'हे नव्हे' म्हणायचं, याची भीती होती. आणि म्हणणार होतो. या वेळी मी मनाशी नक्की केलं होतं.

मग तुम्ही खुर्ची ठेवलीत. मी पान उचललं, उभं फाडलं. ते चरचरत सरळ टोकापर्यंत गेलं. मी वर पाहिलं. कामिल, मला बोलताच येईना. तू दोनदा विचारलंस, "सर, बरोबर का?" आणि मी नुसती मान हलवली. तू समजलास मी दमलो. मी दमलो नव्हतो. माझा ऊर भरून आला होता. झाड पाहून आलाच, पण तू जो माझ्याकडे बघत उभा होतास, नखं खात, निकालाच्या दिवशी मुलं उभी असतात तसा, ते पाहून जास्त आला.

त्या झाडांसाठी मी जंगल खात्याला अर्ज केला आहे. 'दक्षिणेत दुर्मीळ, मी स्वतः पाहिली, जागा अमुक, खूण तमुक,' असं लिहून खाली सही ठोकली. उत्तर अजून नाही. पुन्हा लिहीन, पेन्शनरला दुसरं काम काय! आजोबांनाही आमिनाकरवी कळव, त्यांचं नाव मी अर्जात घातलं आहे.

आता खरी गोष्ट. एकतीस वर्षं मी वर्गात त्या झाडाविषयी सांगितलं आणि दर वर्षी वाक्याच्या शेवटी 'असं म्हणतात' जोडलं. ते दोन शब्द मला दर वर्षी टोचायचे. काल शाळेत गेलो आणि हेडमास्तरांकडे आठवीचा एक तास मागितला. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला करमत नाही, दिला. मी फळ्यावर पान काढलं आणि म्हणालो, "हे झाड मी पाहिलं." बस, एवढंच. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, तुम्हाला ते सापडलं कसं?"

म्हटलं, "मला नाही सापडलं. मला दाखवलं." कोणी, म्हणून चारपाच जणांनी एकदम विचारलं. मी खडू घेतला आणि पानाच्या चित्राखाली, जिथे शोधणाऱ्याचं नाव लिहितात तिथे, तुझं नाव लिहिलं. कामिल इनास तुस्कानो, गिरीज. वर्गात निम्मी गिरीजची पोरं. एक म्हणाला, "सर, हे तर आमच्या वाडीतले!" मग अशी काही गडबड उडाली की मला तास आवरता येईना. सगळ्यांनी ते नाव वहीत उतरून घेतलं. मी बाकांमधून फिरलो आणि प्रत्येकाचं बरोबर आहे का ते तपासलं.

सौ. पर्लने तुला दोनदा सोडलं, तिला माझे आभार सांग. नुसते आशीर्वाद तिला पुरायचे नाहीत.

तुझा,
य. ना. चुरी